केशवराव भोसले कोण होते? ३१ वर्षांच्या आयुष्यात ‘संगीतसूर्य’ ठरलेल्या कोल्हापूरच्या गायकनटाची गोष्ट

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं. छप्पर, रंगमंच, खुर्च्या असं जवळपास सगळंच जळालं. उभ्या राहिल्या त्या दगडी भिंती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ९ ऑगस्टला, केशवराव भोसले यांची जयंती होती. त्यांचं नाव असलेली वास्तू त्यांच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री जळाली. नाट्यगृहाबाहेर जमलेल्या अनेक कलाकारांना त्या रात्री रडू आवरलं नाही.

त्या आठवड्यात फोनवर अनेकांनी एकच गोष्ट शोधली असेल. नाट्यगृहावर ज्यांचं नाव आहे, ते केशवराव भोसले नेमके कोण? कोल्हापूरकर हे नाव रोज घेतात. ‘केशवरावला भेटू’ एवढं म्हटलं तरी पत्ता कळतो. पण माणूस कोण होता, हे सांगताना अनेक जण अडखळतात. त्यांचं पूर्ण आयुष्य जेमतेम ३१ वर्षांचं होतं. त्यातली बहुतेक वर्षं रंगमंचावर गेली.

नाटक कंपनी हीच शाळा

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. घरची परिस्थिती बेताची. वडिलांचं छत्र लवकर हरपलं आणि अगदी कोवळ्या वयात ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले.

आज हे ऐकताना विचित्र वाटेल, पण तेव्हा नाटक कंपनी म्हणजे फिरतं गाव असायचं. पडदे, पेट्या, कपडे, भांडीकुंडी असा सगळा संसार रेल्वेने आणि बैलगाडीने एका गावाहून दुसऱ्या गावी जायचा. आचारी कंपनीचा, पंगत कंपनीची, तालीममास्तरही कंपनीचाच. गोड गळ्याच्या गरीब मुलाला तिथे दोन वेळचं जेवण मिळायचं आणि गाणंही. शाळेची पाटी मात्र सुटायची.

स्त्रिया तेव्हा या कंपन्यांच्या रंगमंचावर नसत. नायिकेचं काम मुलगे किंवा तरुण पुरुष करत. केशवरावांच्या वाट्याला आली गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ नाटकातली शारदा. पैशासाठी म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या लहान मुलीची ही गोष्ट. नाटक १८९९ मध्ये रंगमंचावर आलं, तेव्हा जरठ-बाला विवाह हा रोजचा प्रश्न होता. मिसरूडही न फुटलेल्या केशवने ही भूमिका केली आणि त्याचा आवाज लोकांच्या लक्षात राहिला.

१७ व्या वर्षी स्वतःची कंपनी

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी सुरू झाली. मालक केशवराव भोसले, वय १७. आजच्या हिशेबाने बारावीतला मुलगा.

हुबळी का, हा प्रश्न साहजिक आहे. हुबळी-धारवाड-बेळगाव हा सगळा पट्टा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि मराठी संगीत नाटकांना तिथे हक्काचा प्रेक्षक होता. कंपन्या महिनोन्‌महिने तिथे मुक्काम ठोकत.

कंपनी चालवणं म्हणजे फक्त गाणं नव्हे. नटांचे पगार, थिएटरचं भाडं, नवे पडदे, दागिने, प्रवास हे सगळं तिकिटाच्या गल्ल्यातून भागवायचं. एखादं नाटक पडलं की कर्ज. पाऊस लांबला किंवा साथ आली की खेळ बंद, पण पंगत चालूच. हे ओझं केशवरावांनी मिसरूड फुटायच्या वयात उचललं आणि शेवटपर्यंत वाहिलं.

यातली आणखी एक बाजू महत्त्वाची आहे. त्या काळच्या मोठ्या संगीत नाटक कंपन्यांची सूत्रं बहुतांशी ब्राह्मण मंडळींच्या हाती होती. तिथे फारसं न शिकलेल्या एका मराठा तरुणाने स्वतःची कंपनी काढून ती पहिल्या रांगेत नेणं ही साधी गोष्ट नव्हती.

आवाजाची ताकद काय होती?

त्या काळात रंगमंचावर माइक नव्हता. गॅसबत्त्यांच्या उजेडात रात्री सुरू झालेलं नाटक ‘वन्समोअर’ घेत घेत उत्तररात्रीपर्यंत चालायचं. शेवटच्या रांगेतल्या, सर्वात स्वस्त तिकीट घेतलेल्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तो फक्त छातीच्या जोरावर. आज आपण साउंड सिस्टीमवर सोडून देतो ते सगळं काम तेव्हा गळा करायचा.

केशवरावांचा आवाज उंच पट्टीतला, धारदार आणि पल्लेदार होता. तान जोरकस आणि वेगवान होती. बालगंधर्वांच्या गाण्याची ओळख होती लाडिक गोडवा, तर केशवरावांच्या गाण्याची ओळख होती तेज. ‘संगीतसूर्य’ हे बिरुद त्यांना शोभलं ते यामुळेच.

पण हे नुसत्या देणगीवर उभं नव्हतं. ग्वाल्हेर परंपरेतले नामवंत गवई रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून केशवरावांनी तालीम घेतली. वझेबुवांनी पुढे ललितकलादर्शच्या नाटकांना संगीतही दिलं.

कंपनीने कोणती नाटकं केली?

फक्त पौराणिक नाटकांच्या जुन्या भांडवलावर केशवराव बसून राहिले नाहीत.

• हिराबाई पेडणेकर या मराठीतल्या पहिल्या महिला नाटककारांपैकी एक. कलावंतिणीच्या घराण्यातून आलेल्या या बाईंचं ‘दामिनी’ हे नाटक ललितकलादर्शने १९१२ मध्ये रंगमंचावर आणलं. बाईने लिहिलेलं नाटक करायचं म्हणजे तेव्हा गल्ल्याचा धोका पत्करणं होतं.

• वीर वामनराव जोशी यांचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’. यातली मृणालिनी ही केशवरावांची सर्वात गाजलेली स्त्रीभूमिका.

• मामा वरेरकर यांचं ‘हाच मुलाचा बाप’. विषय हुंड्याचा. त्यांच्याच ‘संन्याशाचा संसार’ मध्ये धर्मांतराचा प्रश्न होता.

म्हणजे प्रेक्षक पदं ऐकायला यायचा आणि जाताना हुंड्यावरचे संवाद डोक्यात घेऊन जायचा.

कोल्हापूरच का?

इथे शहराची गोष्ट सांगावी लागते. कोल्हापूर तेव्हाही मुंबई-पुण्याच्या तुलनेत लहानच गाव होतं. पण त्या वीसेक वर्षांत तिथे कलेची एवढी माणसं एकत्र होती की यादी संपत नाही.

गायन समाज देवल क्लब १८८३ पासून सुरू होता. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. ‘मानापमान’ चे संगीतकार गोविंदराव टेंबे कोल्हापूरचे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ नाटकांचे पडदे रंगवत. त्यातल्या बाबूरावांनी पुढे कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

या सगळ्यामागे संस्थानाचा आश्रय होता. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग कुस्ती मैदान उभं केलं आणि त्याला लागून पॅलेस थिएटर बांधलं. त्याचं काम १९१३ ला सुरू होऊन १९१५ मध्ये पूर्ण झालं. एका बाजूला तांबड्या मातीचा आखाडा, दुसऱ्या बाजूला नाटकाचा रंगमंच. पैलवान आणि गवई यांना महाराजांनी अक्षरशः शेजारी बसवलं. स्वातंत्र्यानंतर याच पॅलेस थिएटरला केशवराव भोसले यांचं नाव मिळालं.

गरीब घरातल्या मुलाला गळा असून चालत नाही. ऐकणारे कान, शिकवणारे गुरू आणि गायला जागाही लागते. कोल्हापूरने हे तिन्ही तयार ठेवलं होतं.

८ जुलै १९२१: संयुक्त मानापमान

केशवरावांच्या आयुष्यातली सर्वात मोठी रात्र मुंबईची. त्या वेळी मराठी प्रेक्षकांचे सरळ दोन तट होते, एक बालगंधर्वांचा आणि एक केशवरावांचा. दोन्ही मालक, दोन्ही कंपन्या प्रतिस्पर्धी. हे दोघं एका रंगमंचावर येतील, यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

पण तसं झालं. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर महात्मा गांधींनी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये उभारण्याचं आवाहन केलं होतं. त्या फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर.

नाटकाची निवडही नेमकी होती. धैर्यधर हा शूर पण गरीब सेनापती. भामिनी श्रीमंताची मुलगी, आधी त्याला गरीब म्हणून नाकारणारी. बालगंधर्व या भूमिकेत १९११ पासून मुरलेले. ‘मानापमान’ त्यांच्याच घरचं नाटक, भामिनी त्यांचीच. म्हणजे सामना होता तर तो केशवरावांसाठी परक्या मैदानावरचा होता. तिकिटांसाठी झुंबड उडाली. केशवराव त्या रात्री तोडीस तोड गायले. शंभर वर्षांनंतरही मराठी रंगभूमीचा विषय निघाला की हा प्रयोग आठवला जातो.

या रात्रीला राजकीय अर्थही होता. शाहू महाराज आणि टिळक यांच्यातला संघर्ष वेदोक्त प्रकरणापासून सगळ्यांना ठाऊक होता. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद टिपेला पोचलेले दिवस होते ते. अशा काळात शाहूंच्या कोल्हापूरचा मराठा गायकनट टिळकांच्या नावाच्या फंडासाठी उभा राहतो आणि शेजारी बालगंधर्व असतात. निदान त्या काही तासांपुरतं प्रेक्षकांना तट विसरावे लागले.

तीन महिन्यांच्या आत सगळं संपलं

त्यानंतर केशवरावांना तीन महिनेही मिळाले नाहीत. विषमज्वर, म्हणजे आज आपण ज्याला टायफॉइड म्हणतो, तो झाला. प्रतिजैविकांचा शोध लागण्याआधीचा तो काळ. आज गोळ्यांच्या एका कोर्सने बरा होऊ शकणारा आजार तेव्हा जीव घेऊन जायचा. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. वय ३१. पुढच्याच वर्षी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजही गेले. कोल्हापूरच्या कलाजगताने सात महिन्यांत गायक आणि आश्रयदाता दोघंही गमावले.

मग उरलं काय?

मालक गेला की नाटक कंपनी मोडायची, हा त्या काळचा नियमच. ललितकलादर्श मोडली नाही. कंपनीतलेच बापूराव पेंढारकर यांनी सूत्रं हाती घेतली आणि १९२२ मध्ये वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ रंगमंचावर आणलं. त्यांच्यानंतर मुलगा भालचंद्र पेंढारकर यांनी ती पुढे नेली आणि ‘पंडितराज जगन्नाथ’ सारखी नाटकं दिली. १७ वर्षांच्या मुलाने हुबळीत सुरू केलेली संस्था त्याच्यानंतर अनेक दशकं चालत राहिली.

नाट्यगृह जळालं म्हणून कोल्हापूरकर का रडले, याचं उत्तर इथे आहे. सिमेंट, लाकूड आणि खुर्च्या पुन्हा आणता येतात. पण लहान शहरातल्या मुलाला वर यायला रंगमंच लागतो, आणि तो आपल्याच गावात, पायी जाण्याच्या अंतरावर असावा लागतो. केशवरावांना तशी जागा शोधत कोवळ्या वयात कंपनीबरोबर गावोगाव फिरावं लागलं. त्यांच्यानंतरच्या कोल्हापूरच्या कितीतरी मुलांनी पहिलं पाऊल ठेवलं ते त्यांच्या नावाच्या रंगमंचावर.