उजळाईवाडीच्या माळावर विमान आणणारे राजाराम महाराज

कोल्हापूर : राजर्षी शाहू महाराजांचं नाव जिल्ह्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्यांचे चिरंजीव छत्रपती राजाराम महाराज मात्र बहुतेकांना राजारामपुरीच्या पाटीवरच भेटतात. करवीर तालुक्यातल्या उजळाईवाडीच्या माळावर आज विमानं उतरतात ती जागा त्यांनी उभी केली.

जन्म ३१ जुलै १८९७ चा. शिक्षणासाठी वडिलांनी इंग्लंडला पाठवलं, पुढं अलाहाबादला शेतीचा अभ्यास करायला लावला. राजाच्या पोराला शेती शिकवायची, हा शाहू महाराजांचाच खाक्या! १९१८ साली धाकटे भाऊ शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. चार वर्षांत वडीलही गेले आणि १९२२ मध्ये राजाराम महाराज गादीवर बसले.

बापाच्या सावलीत राज्य चालवणं सोपं नव्हतं. पण हा माणूस नव्या गोष्टींचा भोक्ता होता. १९३१ साली संस्थानचं स्वतःचं हायकोर्ट झालं. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली, तेव्हा गावातला सिनेमाचा धंदा बसू नये म्हणून महाराजांनी कोल्हापूर सिनेटोन काढली.

मुंबई तेव्हा लांब होती. कोल्हापुरात रेल्वे १८९१ पासून होती खरी, पण मीटरगेजच्या गाडीनं पुणं गाठायचं, तिथं गाडी बदलायची, मग मुंबई. त्या काळात छोट्या विमान कंपन्यांना संस्थानांचाच आधार असे. एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही कंपनी मुंबईहून काठियावाडात भावनगर, राजकोट, जामनगर, पोरबंदर असं उडायची. सगळी संस्थानी गावं. कारण सरळ होतं. धावपट्टीला जमीन आणि पैसा कोण देणार? राजाच! राजाराम महाराजांनी ते कोल्हापूरसाठी केलं आणि ५ जानेवारी १९३९ ला प्रवासी विमानसेवा सुरू झाली.

त्याला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, २६ नोव्हेंबर १९४० ला महाराज वारले. वय अवघं ४३. मुलगा नव्हता. दत्तक घेतलेले बालराजेही १९४६ मध्ये गेले. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९५३ मध्ये खासगी विमान कंपन्या सरकारजमा होऊन इंडियन एअरलाइन्स झाली. कोल्हापूरच्या विमानाची चिंता वाहणारा घरचा धनी उरला नव्हता.

पुढची कथा जिल्ह्याला पाठ आहे. १९८७ मध्ये नवी धावपट्टी झाली, पण सेवा येत राहिली नि जात राहिली. किंगफिशरचं विमान २०११ मध्ये थांबलं, ते थांबलंच. उडान योजनेत २०१८ च्या एप्रिलमध्ये एअर डेक्कन मुंबईसाठी उडालं, पण फार टिकलं नाही. त्याच डिसेंबरात अलायन्स एअर हैदराबाद, बंगळूरसाठी आली. ट्रूजेट आली आणि तीही बंद पडली. २०२२ मध्ये मुंबईचा मार्ग स्टार एअरने धरला. ही कंपनी हातकणंगले तालुक्यातल्या अतिग्रेच्या घोडावत समूहाची, म्हणजे पुन्हा घरचीच म्हणायची.

विमानतळाला राजाराम महाराजांचं नाव द्यावं, असा ठराव राज्याच्या विधिमंडळाने २०१८ मध्ये केला. नवं टर्मिनल मार्च २०२४ मध्ये खुलं झालं.