ठिणगीशिवाय पेटणाऱ्या इंजिनाला हीटर प्लग का लागतो? रुडॉल्फ डिझेल यांच्या अपुऱ्या स्वप्नाची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि तिथून ऑक्टेव्हिया बाहेर पडू लागली. तिचे १.९ लिटरचे डिझेल इंजिन अनेकांच्या आवडीचे होते. अशा जुन्या डिझेल गाड्यांचा हिवाळ्यात एक ठरलेला त्रास असतो. पहाटे स्टार्टर फिरत राहतो, मागून पांढरा धूर येतो, पण इंजिन काही पकडत नाही. बहुतेक वेळा गाडी गॅरेजमध्ये नेल्यावर एक-दोन हीटर प्लग गेल्याचे निघते आणि ते काढताना मेकॅनिकचा कस लागतो. गंमत अशी, की हे इंजिन ज्यांनी शोधले त्या रुडॉल्फ डिझेल यांच्या मूळ कल्पनेत अशा प्लगला जागाच नव्हती. तो का लागला, हे समजण्यासाठी त्यांचे आयुष्य पाहावे लागते.

डिझेल कोण होते?

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर होते. घरातच कारखाना आणि परिस्थिती बेताची. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला मात्र शिक्षणासाठी जर्मनीतल्या ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. तिथले काका गणिताचे शिक्षक होते.

मुलगा हुशार निघाला. शिष्यवृत्तीवर तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे कार्ल फॉन लिंडे हे त्याचे प्राध्यापक होते. बर्फ बनवणाऱ्या यंत्रांसाठी ते प्रसिद्ध होते. टायफॉइडमुळे परीक्षा लांबली, पण १८८० मध्ये डिझेल उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. पुढे लिंडे यांच्याच कंपनीत, पॅरिसला, त्यांना नोकरी मिळाली. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी लग्न झाले. त्यांना तीन मुले झाली.

इंजिनाची कल्पना कुठून आली?

लिंडे यांच्या वर्गात डिझेल यांना एक गोष्ट खटकली होती. वाफेचे इंजिन कोळशातली बहुतेक ऊर्जा वाया घालवते. त्यात मोठे इंजिन परवडायचे ते बड्या कारखानदारांना. वडिलांसारख्या छोट्या कारागिराच्या हाती काही लागत नव्हते. कमी इंधनात चालणारे आणि लहान कारखान्यात मावणारे इंजिन बनवायचे, हे त्यांनी मनाशी घेतले.

त्यांच्या कल्पनेचे मूळ साधे आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, कारण हवा दाबली की तापते. आग्नेय आशियात याच तत्त्वावर, नळीत दट्ट्या जोरात दाबून, ठिणगी न पाडता विस्तव पेटवत. डिझेल यांनी हेच इंजिनात आणायचे ठरवले. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटेल. स्पार्क प्लग नको, ज्योत नको. २८ फेब्रुवारी १८९२ या तारखेचे जर्मन पेटंट त्यांना १८९३ मध्ये मिळाले.

पहिले इंजिन चालले कसे?

ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याने आणि क्रुप या पोलाद कंपनीने पैसा पुरवला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. आत वातावरणाच्या सुमारे ८० पट दाब तयार झाला आणि दाब मोजण्याचे उपकरण फुटून उडाले. डिझेल थोडक्यात वाचले. पण दाबाने इंधन पेटते, हे सिद्ध झाले होते. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरले, तेही जेमतेम मिनिटभर.

आणखी तीन वर्षे गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. सुमारे २० अश्वशक्तीच्या या इंजिनाने इंधनातल्या ऊर्जेपैकी २६.२ टक्के कामी लावली. त्या काळची वाफेची इंजिने साधारण याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली असत.

यश मिळाले, मग अडले कुठे?

परवाने विकून डिझेल श्रीमंत झाले. अमेरिकेतले हक्क बिअर उद्योजक अॅडॉल्फस बुश यांनी १० लाख मार्कला घेतले. म्युनिकमध्ये आलिशान बंगला उभा राहिला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथे एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावरही चालवून दाखवण्यात आले होते.

पण इंजिन लहान होईना. १८९७ चे इंजिन तीन मीटर उंच होते. इंधन आत फवारायला दाबलेली हवा लागे आणि त्यासाठी वेगळा, जड कॉम्प्रेसर जोडावा लागे. दुसरी अडचण उष्णतेची होती. पातेल्यातल्या चहापेक्षा कपातला चहा लवकर निवतो. तसेच लहान सिलिंडरमधली हवा थंड धातूला लागून आपली उष्णता पटकन गमावते. मग दाबूनही इंधन पेटत नाही. डिझेल यांनी पुढे ट्रकसाठी छोटे इंजिन करून पाहिले, ते चालले नाही. त्यांचे इंजिन जहाजांत आणि वीजकेंद्रांत गेले. कारागिराच्या कारखान्यापर्यंत ते पोहोचले नाही.

दरम्यान पेटंटचे वाद, टीका आणि अतिकामाने प्रकृती ढासळली. जमीनजुमल्यातली गुंतवणूक बुडाली. कामगारांनी एकत्र येऊन आपलेच उद्योग उभारावेत, असे सुचवणारे पुस्तक त्यांनी १९०३ मध्ये काढले. ते फारसे कुणी विकत घेतले नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री काय झाले?

त्या संध्याकाळी डिझेल अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर चढले. लंडनला कंपनीची बैठक होती. रात्रीचे जेवण झाले. सकाळी सव्वासहाला उठवा, असे सांगून ते केबिनमध्ये गेले. सकाळी केबिन रिकामी होती आणि अंथरुणावर कुणी झोपलेले नव्हते. त्यांची टोपी आणि कोट डेकवर सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू मुलगा ऑयगेन याने वडिलांच्या म्हणून ओळखल्या. डिझेल ५५ वर्षांचे होते.

मार्था यांच्याकडे ते एक बॅग ठेवून गेले होते. तिच्यात २० हजार मार्क निघाले आणि खाती जवळपास रिकामी असल्याचे कागद. हा घात की आत्महत्या, यावर आजही लिहिले जाते. कर्जाचा बोजा पाहता अनेक अभ्यासक आत्महत्येकडे झुकतात.

हीटर प्लग आला कशासाठी?

लहान इंजिनाची वाट डिझेल हयात असतानाच निघाली होती. बेन्झ कंपनीतले प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये सिलिंडरला जोडून एक छोटा कप्पा ठेवण्याचे पेटंट घेतले. इंधन आधी त्या कप्प्यात फवारायचे, म्हणजे जड कॉम्प्रेसर लागत नाही. पण कप्प्यामुळे आतला पृष्ठभाग वाढला आणि थंड इंजिनात उष्णता आणखी गळू लागली. म्हणून तिथे विजेवर लाल होणारा प्लग बसवला गेला. १९३६ मध्ये मर्सिडीजने ४५ अश्वशक्तीची २६० डी ही डिझेल कार आणली, तिच्यातही असे प्लग होते.

हीटर प्लग पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगसारखी ठिणगी पाडत नाही. त्याचे टोक काही सेकंदांत ८०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि फवारलेल्या इंधनाला पेटायला मदत करते. इंजिन तापले, की डिझेल यांचे मूळ तत्त्व पुन्हा एकटेच काम करते. ऑक्टेव्हियाच्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, वेगळा कप्पा नसतो. तरी कडाक्याच्या थंडीत प्रत्येक सिलिंडरला एक, असे चार प्लग लागतातच.

अडकलेला प्लग जोर लावून का काढू नये?

वर्षानुवर्षे तापून प्लगचे आटे गंजतात आणि टोकाभोवती काजळी घट्ट बसते. प्लग बारीक आणि आतून पोकळ असतो, तर हेड अनेकदा अॅल्युमिनियमचे. जोर दिला, की प्लग मधेच तुटतो. मग काही मिनिटांचे काम हेड उतरवण्यापर्यंत जाते.

जाणकार मेकॅनिक घाई करत नाहीत. ते आदल्या दिवशीच आट्यांवर गंज सोडवणारे तेल सोडतात. इंजिन गरम करतात आणि टॉर्क पान्याने मर्यादित जोर लावतात. प्लग हलला नाही, तर थांबून पुन्हा तेल आणि पुन्हा उष्णता देतात. हलला, की थोडा सैल, थोडा घट्ट असा मागेपुढे फिरवत बाहेर काढतात. नवा प्लग बसवण्याआधी भोकातली काजळी रीमरने साफ करतात आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळतात.

स्कोडाने २०२० मध्ये भारतात डिझेल गाड्या बंद केल्या. ज्या रस्त्यावर उरल्या आहेत, त्या आता छोट्या गॅरेजच्या भरवशावर आहेत. डिझेल यांना इंजिन ज्यांच्या हाती द्यायचे होते, असे हातावर पोट असलेले कारागीरच आज ते चालते ठेवतात. थंडी सुरू होण्यापूर्वी प्लग मल्टिमीटरने तपासून घेतले, तर त्यांचे काम सोपे होते आणि मालकाचा हेडचा खर्चही टळतो.