मुळावरच्या गाठीतला जिवाणू शोधणारे बेयेरिंक

धान निघाला की आपल्या बांधीत लाखोळी, हरभरा पडतो. रोप उपटून पाहिलं तर मुळाला बारीक गाठी दिसतात. त्यातला जिवाणू सर्वात आधी वेगळा काढून वाढवला तो हॉलंडच्या मार्टिनस बेयेरिंक यांनी.

त्यांचा जन्म १८५१ साली ॲम्स्टरडॅमचा. वडील तंबाखूचे व्यापारी. शिक्षण रसायनशास्त्राचं, पण जीव झाडापानात. आधी शेतकी शाळेत मास्तरकी केली, मग १८८५ पासून डेल्फ्ट शहरात खमिराच्या कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळली. गाठीमुळे पिकाला हवेतला नत्र मिळतो, हे जर्मनीच्या हेल्रिगेल यांनी दाखवलं होतं. पण हे काम करतो कोण? १८८८ मध्ये बेयेरिंक यांनी तो जिवाणूच हाती धरला. १८९० मध्ये हिरवं शेवाळही शुद्ध वाढवून दाखवलं. स्वभावाने कडक, लग्न केलं नाही. १ जानेवारी १९३१ ला ते वारले.

शोध तिथे थांबला नाही. ब्रायोप्सिस नावाच्या समुद्री शेवाळाच्या आतही जिवाणू राहतो, असं पुढे दिसलं. तो बनवत असलेलं विष शेवाळाला माशांपासून वाचवतं. कॅन्सरवर औषध म्हणूनही त्याच्या चाचण्या झाल्या.

आपल्या दुकानातलं रायझोबियमचं पाकीट बेयेरिंक यांच्याच वाटेने आलं. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम चोळायचं, सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही. आणि ते उन्हात ठेवू नये. आत पावडर दिसली तरी तो जीव आहे, तापला की मेला.