वांगणीचे ‘दरोडेखोर’ : दादासाहेब फाळके

कर्जतहून मुंबईची लोकल पकडली की नेरळ, शेलू आणि मग वांगणी. आपल्या पहिल्या चित्रपटाचं बाहेरचं चित्रीकरण तिथलं! ढाली-तलवारी घेतलेली नटमंडळी पाहून गावाला वाटलं, दरोडेखोरच आले. पोलिसांनी सगळ्यांना धरलं. सिनेमा म्हणजे काय, हे तेव्हा कोणाला ठाऊक? मागून आलेल्या फाळक्यांनी कॅमेरा दाखवून समजावलं, तेव्हा कुठे सुटका झाली.

धुंडिराज गोविंद फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. खोपोलीवरून घाट चढला की लागणाऱ्या लोणावळ्यात त्यांनी आधी छापखाना काढला होता. १९११ मध्ये येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि वेडच लागलं. विमा गहाण टाकून ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले.

पत्नी सरस्वतीबाईंना मात्र पाठ्यपुस्तकात जेमतेम एक ओळ मिळते. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांचा, शिवाय अंधारात फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची. तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या आचाऱ्याला लुगडं नेसवलं. रोहिदास झाला घरचाच भालचंद्र.

३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. १९१७ चं ‘लंकादहन’ तर तुफान चाललं. पण बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकला वारले, तेव्हा त्यांनीच उभ्या केलेल्या धंद्यात त्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ साली.