चरबीविना साबण : अर्देशीर गोदरेज यांची जिद्द

माधवनगर : मेणबत्ती आणि साबण या दोन वस्तू आज घरगुती उद्योगात हमखास एकत्र आढळतात. खोबरेल वा एरंडेल तेल, मोजून घेतलेला कॉस्टिक सोडा, रंग, सुगंध आणि साचे एवढ्या साहित्यावर माधवनगरसारख्या गावातील एखादी गृहिणीही सुबक साबण तयार करू शकते. मात्र एकेकाळी या दोन्ही वस्तूंचा मुख्य कच्चा माल एकच होता, तो म्हणजे जनावरांची चरबी. भारतीय साबणाला या चरबीपासून मुक्त करण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, ते अर्देशीर गोदरेज मुळात साबणाच्या धंद्यातले नव्हतेच.

मुंबईतील एका पारशी कुटुंबात १८६८ मध्ये अर्देशीर यांचा जन्म झाला. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. ऐन तारुण्यातच त्यांच्यावर आघात झाला. १८९१ मध्ये राजाबाई टॉवरवरून पडून पत्नी बच्चूबाई यांचा मृत्यू झाला. अर्देशीर यांनी पुन्हा विवाह केला नाही. १८९४ मध्ये एका खटल्याच्या कामासाठी ते झांजिबारला गेले. तेथे अशिलाच्या सोयीसाठी सत्याला मुरड घालण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी वकिलीलाच रामराम ठोकला.

मुंबईला परतल्यावर मेरवानजी कामा यांच्याकडून ३,००० रुपये कर्ज घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनवण्यास सुरुवात केली. माल उत्तम होता, ग्राहकही मिळाला होता. पण उपकरणांवर भारतीय बनावटीचा शिक्का नको, अशी त्या ग्राहकाची अट होती. अर्देशीर यांना ती मान्य होणे शक्य नव्हते. व्यवहार फिसकटला आणि धंदा बंद पडला. डोक्यावर कर्ज राहिले.

तरीही ते खचले नाहीत. १८९७ मध्ये लालबाग येथे त्यांनी कुलुपांचा कारखाना काढला. पुढे तिजोऱ्या आल्या. धाकटे बंधू पिरोजशा यांची साथ मिळाली. कामांचे भाचे बॉइस काही काळ भागीदार होते. ते बाहेर पडले, पण कंपनीच्या नावात त्यांचे नाव कायम राहिले.

तिजोऱ्यांच्या धंद्यात जम बसलेल्या माणसाने साबणाकडे वळावे, हे वरकरणी विचित्र वाटते. त्यामागे स्वदेशीचा विचार होता. त्या काळी साबणात सर्रास चरबी वापरली जात असे. गायीच्या चरबीला हिंदूंचा, तर डुकराच्या चरबीला मुसलमानांचा आक्षेप होता. शाकाहारी कुटुंबांना तर कोणतीच चरबी चालत नसे. अडचण तांत्रिकही होती. चरबीमुळे वडी घट्ट आणि टिकाऊ होते. उलट, बहुतेक पातळ तेलांचा साबण मऊ पडतो. अर्देशीर यांनी प्रयोग करून वनस्पतिजन्य तेलांचा साबण सिद्ध केला आणि १९१८ मध्ये तो ‘चावी’ या नावाने बाजारात आणला. कुलुपांच्या कारखानदाराला शोभेल असेच हे नाव होते!

त्यानंतर १९२० मध्ये ‘नंबर दोन’ हा साबण आला. ‘नंबर एक’ मागाहून आला. दुसऱ्या क्रमांकाचा साबण इतका चांगला, तर पहिला किती सरस असेल, अशी उत्सुकता ग्राहकांत निर्माण व्हावी, हा त्यामागील हेतू असल्याचे सांगितले जाते.

टिळक स्वराज्य फंडाला अर्देशीर यांनी ३ लाख रुपये दिले. मात्र स्वदेशीच्या नावाखाली निकृष्ट माल खपवणे त्यांना मंजूर नव्हते. देशी वस्तू विदेशी मालाच्या तोडीची असली पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. उत्तरायुष्यात उद्योगाची धुरा पिरोजशांवर सोपवून ते नाशिकला शेतीत रमले. तेथेच जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

घरी साबण करणाऱ्यांनी सोडा नेहमी पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर ओतू नये. तसेच थंड पद्धतीने केलेल्या वड्या चार ते सहा आठवडे मुरू द्याव्यात. या कामात घाई चालत नाही. कुलूप असो वा साबण, अर्देशीर यांनीही मालाच्या दर्जाबाबत कधी घाई केली नाही. आज घरोघरी तेलाचा साबण सहज साच्यात ओतला जातो, त्यामागे त्यांचा हाच चोखपणा आहे.