समजून घ्या : आर्ट कॉलेज की घरीच सराव? बाबूराव पेंटर नेमके शिकले कुठे?

दहावी झाली, हातात इंटरमीजिएट ड्रॉइंगचं प्रमाणपत्र आहे, पुढे काय? सोलापुरातल्या कितीतरी घरांत दर उन्हाळ्यात हा वाद रंगतो. मुलीला आर्ट कॉलेजला घालायचं, की मोबाइलवर व्हिडिओ बघत शिकू द्यायचं? या वादात कोल्हापूरच्या एका माणसाची गोष्ट माहीत असलेली बरी.

१८९० साली कोल्हापूरचे एम. व्ही. धुरंधर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. त्याच वर्षी ३ जूनला कोल्हापुरात बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म झाला. त्यांनी कलाशाळेची पायरी चढली नाही. तरी लोकांनी त्यांचं आडनावच बदलून 'पेंटर' करून टाकलं.

मग शिकले कुठे?

घरात आणि नाटकाच्या पडद्यांवर. घर कारागिरांचं. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्यासोबत १९१० ते १९१६ या काळात त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. पडद्यावरचा राजवाडा शेवटच्या रांगेतूनही खोल दिसला पाहिजे. नाही दिसला तर प्रेक्षक त्याच रात्री सांगणार. परीक्षा रोजचीच. गंमत म्हणजे, त्यांनी स्वतः कमावलेली तैलचित्रांची शैली कलाशाळेत शिकवतात तशीच वास्तववादी होती.

पुढे सिनेमाचं वेड लागलं. दोघा भावांनी जुना प्रोजेक्टर मिळवला आणि तो समजून घेत कॅमेरा बनवायला घेतला. (आम्ही इंजिनीअरिंगला याला 'रिव्हर्स इंजिनीअरिंग' म्हणायचो. चार वर्षांत एकही यंत्र असं उघडलं नाही, ते सोडा.) १९१६ मध्ये कॅमेरा अर्धवट असतानाच आनंदराव गेले. भाऊ, भागीदार आणि शिकायचा सोबती, तिन्ही एकदम गेले. उरलेलं काम बाबूरावांनी व्ही. जी. दामले यांच्या मदतीनं तडीस नेलं.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये आला. आयुष्यभर पडदे रंगवलेल्या या माणसानं सिनेमात मात्र रंगवलेले पडदे बाजूला सारून उभे सेट आणले. चित्रपटांची पोस्टरही स्वतः रंगवली. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवू लागले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

कंपनी म्हणजे एक शाळाच झाली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम तिथेच तयार झाले. १९२९ मध्ये हे तिघेही बाहेर पडले आणि साथीदारांसह 'प्रभात' उभी केली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर फार टिकली नाही.

ते पुन्हा रंग आणि मातीकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचं निधन झालं.