गोल पृथ्वी, सपाट कागद

रमजान असो वा नसो, मशिदीत नमाजींची रांग उभी राहते ती किब्ल्याकडे, म्हणजे मक्केतील काबागृहाकडे तोंड करून. ही दिशा गणिताने काढण्यासाठी अबू रैहान अल् बिरुनी यांनी एक अख्खा ग्रंथ लिहिला.

त्यांचा जन्म ९७३ चा, मध्य आशियातील ख्वारिझमचा. ऐन विशीत त्यांनी दहा हात व्यासाचा अर्धगोल करवून घेतला आणि त्यावर गावांचे अक्षांश-रेखांश मांडायला घेतले. ९९५ मध्ये यादवी पेटली आणि सगळे टाकून पळावे लागले. एवढा गोल काही पाठीवर वाहून नेता येत नाही. सोबत येतो तो कागदच.

पण संत्र्याची साल फाटल्याशिवाय सपाट होत नाही. गोल कागदावर उतरवण्याच्या रीतींवर अल् बिरुनींनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्यांच्या एका रीतीत मध्यबिंदूपासूनची अंतरे आणि दिशा खऱ्या राहतात, मात्र कडेचे प्रदेश आडवे ताणले जाऊन क्षेत्रफळ फुगते. लँबर्टने १७७२ मध्ये मांडलेल्या एका रीतीत क्षेत्रफळ राहते, पण आकार बिघडतो. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड भारतापेक्षा अवाढव्य दिसते; प्रत्यक्षात ते भारताच्या सुमारे दोन तृतीयांश आहे. आजही संगणकातल्या नकाशावरून क्षेत्रफळ काढताना भलतीच रीत निवडली, तर आकडा चुकीचा येतो आणि संगणक मुकाट तो छापतो.

१०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिझम जिंकून त्यांना गझनीला नेले. पुढच्याच वर्षी काबूलजवळच्या एका गावी हाताशी उपकरण नव्हते, तेव्हा हिशेबाच्या पाटीमागे अंशांची कमान आखून, ओळंबा लावून त्यांनी सूर्याची उंची मोजली. पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकते ते पाहून पृथ्वीची त्रिज्या काढली. अक्षांश-रेखांशांवरून प्रदेशाचे क्षेत्रफळ काढायचे, तर ती कळावी लागते. ते संस्कृत शिकले, भारतावर ग्रंथ लिहिला, आणि महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त केली हेही त्यात नोंदवले. त्याच घराण्याच्या राज्यात राहून!

गझनीचा किब्ला काढताना मात्र त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली नाही. बगदादपासून गावागावांतली अंतरे जोडत गझनीचे रेखांश काढले आणि दिशा थेट गोलाच्या त्रिकोणमितीने. आजच्या संगणकप्रणालींतही नकाशा सपाट न करता हिशेब करण्याची सोय असते. वेळ जास्त लागतो इतकेच. १०२५ मध्ये पूर्ण झालेल्या त्या ग्रंथाचे हस्तलिखित इस्तंबूलमध्ये जपलेले आहे.